कोळंबीचा काही दोष नव्हता

गेल्या महिन्यात मुलुंडला आमच्या संस्थेतल्या जुन्या-नव्या लोकांचं स्नेहसंमेलन झालं. जेवणं झाल्यावर एका तरुण शास्त्रज्ञाने माईक हातात घेतला आणि 'कोळंबीने जावई खाल्ला' ही गोष्ट सांगितली. कुणा एका तांडेलबाईंनी प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवली, त्या डब्यामुळे दार नीट लागलं नाही आणि मोठ्या कष्टाने बनवलेलं एन्झाइम वाया गेलं. पोराने बाईंना कधी पाहिलंही नव्हतं, पण आवाज मात्र झकास काढला. सगळे पोट धरून हसले. सवयीने मीही हसलो.

मग टाळ्यांसाठी उचललेले हात मी खाली घेतले. ही गोष्ट पोराकडे माझ्याकडूनच गेली होती. प्रत्येक निरोप समारंभात मी ती सांगत आलो. आवाजही मीच शोधून काढला होता. आणि गोष्ट खोटी आहे. फ्रीजर मी बंद केला होता. कोळंबीसुद्धा माझीच होती.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मीही पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गोष्ट मागे राहणारच असेल तर निदान माणूस तरी खरा राहावा, म्हणून लिहायला बसलो.

डॉ. सुमन तांडेल मूळच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या. त्यांची आई सांताक्रूझच्या बाजारात मासळी विकायची. बाई म्हणायच्या, "आईने पापलेटं विकून मला डॉक्टर केलं. पण पेशंट नसलेली डॉक्टर. तिला अजून वाटतं, कॉलेजवाल्यांनी फसवलं."

उंच, सावळ्या, अंबाड्यात रोज ताजा गजरा, कानात सोन्याच्या जाड कुड्या आणि या सगळ्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. अंधेरी पूर्वेला नटबोल्टचा एक कारखाना आणि अगरबत्तीचं एक गोदाम यांच्यामध्ये आमची संस्था होती. कारखान्याची खडखड सुरू असतानासुद्धा बाईंची हाक तळमजल्यावरून गच्चीपर्यंत जायची. संचालकसाहेबांनी बाईंच्या टेबलावर इंटरकॉम बसवून दिला होता. बाईंनी त्यावर वेणीच्या पिना ठेवायला डबी ठेवली.

मी तिथे सहायक होतो, तिशी ओलांडलेला, आणि अजून तात्पुरता. घाटकोपरच्या चाळीत दीड खोली, घरात बायको आणि तिला दिवस गेलेले. पगार वेळेवर मिळायचा, पण नोकरी कायम झाल्याचं पत्र काही येत नव्हतं. बाईंना हे सगळं माहीत होतं, कारण त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

त्या काळी आम्ही एका मानवी एन्झाइमच्या मागे होतो. एन्झाइम म्हणजे शरीरातली कामं चटकन उरकून देणारं प्रथिन. औषधं शोधणाऱ्यांना, रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना प्रयोगासाठी ते थोडंसं लागायचं, पण माणसाचं रक्त नाहीतर यकृत आटवून ते काढायचं म्हणजे केवढा उद्योग. त्यावर नवा उपाय निघाला होता. त्या एन्झाइमचा माणसाचा जीन जिवाणूत घालायचा आणि जिवाणूकडूनच ते करून घ्यायचं. पाहुणे आले की बाई समजावून सांगायच्या, "माणसाच्या पाककृतीचं पान जिवाणूच्या वहीत चिकटवायचं. तो बिचारा आपलीच पाककृती समजून रांधत बसतो. तयार झालं की आपण ताट ओढून घ्यायचं."

"मग जिवाणूचं काय होतं?" एका पाहुण्यांनी विचारलं होतं.

"त्याचं काय होणार? रांधणाऱ्याला कधी कुणी विचारलंय का?"

एन्झाइमचं नाव लांबलचक होतं. बाईंनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं आणि तेच चिकटलं. उकाडा झाला की तो रुसायचा. हलवला की त्याला फेस यायचा आणि तो निकामी व्हायचा. सतत बर्फात बसवून ठेवावं लागे. नळी हातात घेतली की बाई ओरडायच्या, "अरे, बुडाला धरू नकोस, तुझा हात गरम आहे. वरून धर, टोपणाशी. जावयाला कुणी मांडीवर घेतं का?" आणि दिवसातून दहादा म्हणायच्या, "गार आहे तोवर यार आहे."

खरं तर आधी आम्ही हा जावई परदेशातून मागवला होता. ती हकिगत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. एवढीशी कुपी कोरड्या बर्फात ठेवलेली, भोवती मोठं खोकं. ते सहारच्या विमानतळावर मालाच्या गोदामात आलं आणि अडकलं. बाई आणि मी सोडवायला गेलो. अधिकारी सज्जन होते, पण कागदावर 'मानवी' असं वाचून त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"बाई, माणसाचा कुठला भाग आहे हा?"

"भाग नाही साहेब, प्रथिन आहे. जिवाणूंनी बनवलंय."

"मग मानवी कसं?"

"कृती माणसाची, हात जिवाणूचे."

ते त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी खोकं वजनकाट्यावर ठेवलं आणि ते पुन्हा गंभीर झाले. कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा खोकं पुष्कळ हलकं भरलं होतं.

"माल कमी आहे. मधे कुणीतरी काढलाय."

"कुणी काढला नाही. कोरडा बर्फ होता, उडून गेला."

"उडून म्हणजे?"

"वितळत नाही तो. त्याची हवा होते."

"पाणीसुद्धा राहत नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "म्हणजे बर्फ होता, आता नाही आणि पुरावाही नाही," ते म्हणाले. "असं मी वरती लिहून पाठवू?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही चौकशी पूर्ण करेपर्यंत आत जो आहे तोही उडून जाईल. मग खोकं तुम्हीच ठेवून घ्या, कपडे ठेवायला बरं आहे."

चौकशी पूर्ण झाली तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. कुपी हातात आली ती कोमट. प्रयोगशाळेत आणून तपासली. या एन्झाइमची परीक्षा सोपी होती. नळीतल्या बिनरंगी पाण्यात त्याचे थेंब घातले की ते पिवळं व्हायचं. आम्ही सगळे वाकून बसलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

बाईंनी कुपी खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून वरात आणायची आणि नवरदेव वाटेत मरायचा. त्यापेक्षा जावई इथलाच बघू."

साहेब म्हणजे आमचे संचालक, डॉ. पाध्ये. हुशार माणूस, पण शिस्तीचा भारी सोस. "डॉक्टर तांडेल, हे आपल्याला झेपेल का?" असं त्यांनी विचारलं. बाईंनी परदेशातल्या एका मैत्रिणीला लिहून तो जीन मागवला. तो आला टपालाच्या पाकिटात. टिपकागदाचा चौकोन, त्यावर पेन्सिलने काढलेलं एक वर्तुळ, आणि वर्तुळाच्या आत काहीही दिसत नव्हतं. जे होतं ते तिथेच वाळून बसलं होतं. विमानतळावर त्याला कुणी हात लावला नाही. कोरा कागद कोण अडवणार?

मग महिनोन्‌महिने काम चाललं. मधेच संस्थेचं बर्फाचं मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीचा माणूस येईना. बाईंनी भावाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या घेऊन खारदांड्याहून टेम्पो आला. मागच्या बाजूला मासळीच्या टोपल्याही होत्या. बाईंनी कोट काढून ठेवला, पदर खोचला आणि लाकडी मोगरीने लादी अशी फोडली की साखरेसारखा चुरा झाला. त्यात जाडं मीठ मिसळून त्यांनी मधे नळ्या रोवल्या. साहेब दारात उभे राहून बघत होते.

"डॉक्टर तांडेल, हा बर्फ मासळीचा आहे."

"बर्फाला काय माहीत सर, वर कोण झोपलंय ते?"

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. वास आला म्हणून नव्हे, येईल म्हणून. पुढे जे झालं त्याचं बी मला त्या रुमालात दिसतं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी नळी पिवळी झाली. हळदीच्या पाण्यासारखी. आम्ही आरडाओरडा केला. बाईंनी अंबाड्यातला गजरा काढला आणि ज्या यंत्रावर जिवाणूंच्या चंबूंना रात्रंदिवस हलवत ठेवलेलं असायचं, त्याच्या मुठीला बांधला. मग मला म्हणाल्या, "सावंत, चहा सांग. आणि जावयाला कुणी चहा विचारू नका."

तो पहिला साठा छोट्या छोट्या नळ्यांत भरून आम्ही उभ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला. दसरा झाला की तीन-चार प्रयोगशाळांना तो द्यायचा होता. मानवी एन्झाइम, आमच्याकडे बनलेलं, पहिल्यांदा. साहेबांनी पत्रंसुद्धा टाईप करून ठेवली.

आता कोळंबी. माझी बायको आमच्या मालवणकडची. दिवस गेल्यापासून तिला कोळंबीची आस लागली होती, आणि त्यातच नवरात्र आलं. आमच्या घरी नवरात्रात मासळी शिजत नाही. ती रोज म्हणायची, "दसरो जाव दे, मग मी कोणाचाच आयकूचंय नाय." मी हे बाईंना सहज सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोललेली कोळंबी डब्यात घालून आणली.

"नवरात्र संपेपर्यंत घरी कुठे ठेवणार? तुझ्याकडे फ्रीज नाही. राहू दे इथेच खालच्या खणात. दसरा झाला की घेऊन जा."

फ्रीजरमध्ये ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर ठेवणाऱ्याचं नाव हवं, हा नियम बाईंचाच. डबा त्यांनी ठेवला, म्हणून नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. ते काम माझ्याकडे असायचं, कारण मला आवडायचं. यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा चढवायच्या. ओल्या फडक्याने पुसताना शॉक बसू नये म्हणून मी भिंतीवरची बटणं बंद केली. शिवाय आमच्या आजोबांची शिकवण होती की त्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यावी. पूजा झाली, पेढे वाटले, घरी जायची घाई झाली. मी एकेक बटण परत चालू केलं. फ्रीजरच्या बटणावर मात्र माझीच लांबलचक माळ लोंबत होती, आंब्याच्या पानांसकट. ती मी इतकी मन लावून बांधली होती की उचलून खाली बघावं असं वाटलंच नाही. मग दसऱ्याची सुट्टी आणि तिला लागून आलेला रविवार.

सोमवारी सर्वांत आधी मी पोचलो. जिन्यातच वास आला. फ्रीजर गप्प उभा होता. माळ उचलली, बटण खाली करून चालू केलं. फ्रीजर घरघरला. सुकलेली माळ मी खिशात कोंबली. हे सगळं करायला मला विचार करावा लागला नाही, याचीच आज लाज वाटते.

मग लोक आले. साहेब रुमाल लावून आले, या वेळी त्याला कारणही होतं. त्यांनी खालच्या खणातला डबा काढायला लावला, त्यावरचं नाव वाचलं आणि डब्याचा कोपरा दाराला कसा टेकत असणार ते सर्वांना दाखवून दिलं. "दार फटीएवढं उघडं राहिलं. सगळा साठा गेला. संशोधनाच्या फ्रीजरमध्ये मासळी, डॉक्टर तांडेल?"

नळ्या तपासल्या. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

बाई फ्रीजरसमोर उभ्या होत्या. त्यांनी आतल्या भिंतीवरून बोटं फिरवली. आपल्या हवेत फ्रीजरचं दार जरासं जरी उघडं राहिलं तरी आत दमट हवा शिरून बर्फाचा जाड थर धरतो. ज्याने फ्रीजर वापरलाय त्याला हे कळतं. आतल्या भिंती मात्र धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या आणि तळाला पाणी साचलं होतं, म्हणजे दार लागलेलंच होतं, वीज बंद होती. बाईंनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. त्यावर माझ्या अंगठ्याएवढं कुंकू होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर.

"चूक झाली सर," त्या म्हणाल्या. "डबा माझा आहे."

दुपारी डबा खाताना त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. सोलकढी माझ्या वाटीत ओतली आणि म्हणाल्या, "सावंत, पुढच्या वर्षी फ्रीजरला हार घालू नकोस. त्याला आवडत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बाई, मी आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगतो."

"गप बस. तुझं कायमचं पत्र साहेबांच्या टेबलावर पडलंय, सहीला. आज सांगितलंस तर ते फाडतील. घरी बाळंतपण आहे, तू काय फुलं विकणार आहेस?"

"पण तुमच्यावर..."

"माझं काय? हिला वास येतो, हे मी शाळेपासून ऐकतेय. अजून एकदा ऐकलं म्हणून कान झिजत नाहीत. एन्झाइम पुन्हा करता येतं, कृती आहे आपल्याकडे. तू कायम झालास की सांग त्यांना. तेवढं मात्र सांग."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

पत्र आलं. मुलगी झाली. बारशाला बाईंनी चांदीचा छोटा मासा आणला, शेपटी हलणारा. मी रोज ठरवायचो, आज सांगू. मग साहेबांचा मूड नसायचा, कधी माझी हिंमत नसायची. दरम्यान कुणीतरी विनोद केला की कोळंबीने जावई खाल्ला. सगळे हसले आणि मला हलकं वाटलं. लोक हसत असतात तेव्हा चौकशी करत नाहीत. मग तो विनोद मीच सांगू लागलो, पदरचं घालून. मी मालवणी माणूस, बांगड्याच्या वासाशिवाय ज्याचा रविवार होत नाही, तो लोकांना मासळीच्या वासाचा विनोद सांगत होता.

साहेबांनी त्या कामाची सूत्रं दुसऱ्या एका शास्त्रज्ञाकडे दिली. बाईंना 'मदतीला' ठेवलं. मदत म्हणजे काय तर सगळं बाईच करायच्या आणि तो सही करायचा. दुसरा साठा पहिल्यापेक्षा उत्तम निघाला. नळ्या गेल्या, आभाराची पत्रं आली, संस्थेच्या माहितीपुस्तिकेत फोटो छापून आला. खाली साहेबांचं नाव आणि त्या शास्त्रज्ञाचं. बाईंनी पुस्तिका चाळली आणि म्हणाल्या, "जावयाचा फोटो चांगला आलाय. सासूला कोण विचारतो?" आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण पुस्तिका टेबलावरच ठेवून गेल्या.

त्या मला कधीही आठवण करून देत नव्हत्या. फक्त दर खंडेनवमीला माळांची टोपली माझ्या हातात देताना म्हणायच्या, "स्विच बघ." आणि किंचित थांबायच्या. मी म्हणायचो, "बघतो बाई." मग त्या आपल्या कामाला लागायच्या. ते थांबणं कशासाठी होतं, मला ठाऊक होतं.

पुढे काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि एका कॉलेजात शिकवायला गेल्या. निरोप समारंभात लोकांनी आग्रह केला म्हणून मी ती गोष्ट सांगितली. त्यांच्या देखत सांगितली. सगळ्यांत मोठ्याने बाई हसल्या आणि मधेच मला सुधारलंही, "अरे, डबा स्टीलचा नव्हता, ॲल्युमिनियमचा होता."

म्हणून सगळ्यांसाठी आणि विशेषतः माईकवाल्या पोरासाठी लिहितो. फ्रीजर मी बंद केला. दार घट्ट लागलेलं होतं. ते एन्झाइम आपल्याकडे डॉ. सुमन तांडेल यांनी बनवलं, दोन वेळा. पुस्तिका पुन्हा छापणार असाल तर नाव घाला, आणि माझ्याकडून ऐकलं म्हणून सांगा.

निरोपानंतर त्या मला एकदाच दिसल्या. सांताक्रूझच्या बाजाराबाहेर, सकाळची वेळ. त्या रिक्षात बसत होत्या आणि पायाशी गोणपाटात बर्फाची लादी होती. भाचीचा साखरपुडा होता, माणसं पुष्कळ येणार होती. मला पाहताच त्यांनी रिक्षावाल्याला थांबवलं.

"काय रे सावंत, मुलगी कशी आहे? कोळंबी खाते ना?"

"खाते. बाई, मला तुम्हाला..."

मागून बसने हॉर्न दिला. रिक्षावाला कुरकुरला, "चलो ना बाई, बरफ पिघल रहा है." बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, खंडेनवमीला थांबायच्या तशाच. बस पुन्हा ओरडली. मी म्हटलं, "काही नाही. सावकाश जा."

"बरं," त्या म्हणाल्या. रिक्षा निघाली तेव्हा बाहेर डोकं काढून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्विच बघ रे."

बर्फाचं पाणी रिक्षातून ठिबकत गेलं. रस्त्यावर त्याची बारीक रेघ उमटली, सरळ सिग्नलपर्यंत आणि मग खारदांड्याच्या दिशेने वळलेली. रिक्षा दिसेनाशी झाली तरी रेघ दिसत होती. धावलो असतो तर सापडल्या असत्या. ऊन कडक होतं. मी पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिलो, रेघ वाळून जाईपर्यंत.